ओतणाऱ्याला माहीत असलेला आकडा

पाहुणा "नको, पुरे" म्हणाला की आपल्याला ते खरं वाटत नाही. तो भिडेपोटी म्हणत असेल असं आपण धरून चालतो आणि ग्लास पुढे करतो. ही खोड तुमच्या घरी आहे, माझ्या घरी आहे. कॅनडातल्या विनिपेगमधल्या आर्तेमिओ दिमायुगाच्या गॅरेजमध्ये तर ती सोळा वर्षं मुक्कामाला होती.

आर्तेमिओला सगळे कुया तेम्यो म्हणत. कुया म्हणजे दादा. बस बनवणाऱ्या कारखान्यात तो वेल्डर होता, पण फिलिपिनो मंडळींत त्याचं नाव होतं ते तांगेरो म्हणून. तांगेरो म्हणजे ओतणारा. ही मंडळी प्यायला बसली की सगळ्यांत मिळून ग्लास एकच असतो. तांगेरो ओततो, एकाला देतो, तो एका दमात संपवून परत करतो, की पुढच्याची पाळी. याला तागाय म्हणतात. यात कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही, कुणी वेगळा नाही. मोठा प्रेमळ प्रकार आहे. अडचण एकच. आपण किती प्यालो हे पिणाऱ्याला कळायला काहीच मार्ग नसतो. समोर रिकामे ग्लास साचत नाहीत, बाटली आपल्या हातात नसते, आणि गप्पांच्या नादात आपली पाळी मघाशी आली होती की अर्ध्या तासापूर्वी, हेही आठवत नाही. आकडा फक्त ओतणाऱ्याला माहीत असतो, आणि तो कधी सांगत नाही. सांगणं म्हणजे चारचौघांत माणसाची लाज काढणं.

तेम्योच्या डोक्यात मात्र हे आकडे अगदी पक्के बसत. बारा माणसं, सात फेऱ्या, कुणाची एक चुकली, कुणाची एक वाढली, सगळं त्याला दुसऱ्या दिवशीही आठवे. "माझ्या गॅरेजमधून कुणी तहानलेला गेला नाही," असं तो अभिमानाने म्हणे.

जानेवारीतल्या एका रविवारी त्याच्या नातीचा बाप्तिस्मा झाला. बाहेर उणे अठ्ठावीस होतं. घरात बायका, पोरं, शेवयांचं पान्सित आणि बकऱ्याचं कालवण. गॅरेजमध्ये हीटर, गाण्याचं मशीन आणि बारा पुरुष. दुपारी दीड वाजता तेम्योने पहिली बाटली उघडली, प्रथेप्रमाणे झाकणभर ब्रँडी जमिनीवर सांडली आणि ग्लास फिरायला लागला.

त्या दिवसाचा मान एफ्रेन मागसिनोचा होता. तो बाळाचा धर्मपिता होता. वय चव्वेचाळीस, तेम्योच्याच कारखान्यात, त्याच्याच शेजारच्या टेबलावर. कॅनडात येऊन त्याला पावणेपाच वर्षं झाली होती. इतके दिवस तो 'कायम रहिवासी' होता, म्हणजे राहायला, कमवायला, मुलं शिकवायला पूर्ण मोकळा, फक्त नागरिक नाही. आता तेही व्हायचं होतं. परीक्षा पास झाली होती, पत्र आलं होतं. अकरा दिवसांनी, गुरुवारी, नागरिकत्वाची शपथ होती; कॅनडात ती राजाच्या नावाने घेतात. त्यासाठी त्याने राखाडी सूट शिवून घेतला होता आणि बायको रोवेनाने तो आतापासूनच दारामागे टांगून ठेवला होता.

"घे, पारे," तेम्यो ग्लास पुढे करत म्हणाला. मुलाचा बाप आणि धर्मपिता एकमेकांना पारे म्हणतात; तेम्यो खरा बाळाचा आजा, पण तो सगळ्यांनाच पारे म्हणायचा.

"कुया, माझी पाळी आत्ताच झाली ना?"

"ती बाळाची होती. ही शपथेची."

"शपथेला अकरा दिवस आहेत."

"मग तोवर कोरडा राहणार आहेस?" कोपऱ्यातून डोमिंगने विचारलं. डोमिंग म्हणजे गॅरेजचा विदूषक. तोंडाला कधी टाळा नाही. "राजाच्या नावाने शपथ घ्यायची आणि घसा कोरडा? राजाला काय वाटेल?"

सगळे हसले. एफ्रेनने ग्लास रिकामा केला. तागायमध्ये नाही म्हटलं की तो नकार दारूला नसतो, ओतणाऱ्याला असतो, असं मानतात.

साडेतीनच्या सुमारास आते सोलिंग गॅरेजमध्ये घडीच्या खुर्च्या न्यायला आली. आते म्हणजे ताई. वय एकसष्ट, अंगाने बारीक, आवाज खणखणीत. ती कोर्टात तगालोगची, म्हणजे या मंडळींच्या भाषेची, दुभाषी होती. जज्ज बोलले की ती आपल्या माणसाला सांगायची आणि आपला माणूस बोलला की जज्जांना.

"काय रे बाळांनो," ती म्हणाली, "घरी गाड्या कोण नेणार आहे?"

"माझी बायको," सहा जण एकदम म्हणाले.

"माझी गाडीच नाही," डोमिंग म्हणाला. "मी गरीब, पण कायद्याने वागणारा."

"एफ्रेन?"

"रोवेना नेणार, आते. चार वाजता तिची वृद्धाश्रमातली पाळी संपते, मग ती बसने इथे येईल. मी स्टिअरिंगला हातसुद्धा लावणार नाही."

"शहाणा आहेस," आते म्हणाली आणि दोन खुर्च्या काखेत मारून निघून गेली.

आणि एफ्रेन खरंच बोलत होता. ही गोष्ट एका बेफिकीर माणसाची असती तर ती सांगण्यात काही अर्थ नव्हता.

सव्वाचारला रोवेनाचा फोन आला. ती बसमध्ये होती, दहा-पंधरा मिनिटांत पोचणार होती. सकाळी पावणेसहापासून ती उभी होती, आणि तिला थंडगार गाडीत बसवायचं एफ्रेनच्या जिवावर आलं. विनिपेगमध्ये जानेवारीत गाडी आधी तापवावी लागते. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. एफ्रेनची गाडी जुनी, लांबून बटण दाबून सुरू होणारी नव्हती. तो उठला.

"गाडी तापवून ठेवतो," तो म्हणाला.

"टोपी घाल," तेम्यो म्हणाला. बस, एवढंच. बारा माणसांपैकी एकालाही यात धोका दिसला नाही.

गाडी मागच्या बोळात उभी होती. इंजिनाला ऊब द्यायची वायर तेम्योच्या गॅरेजमधूनच लावता येत होती, म्हणून एफ्रेनने ती तिथे लावली होती, शेजाऱ्याच्या गॅरेजच्या दारासमोर थोडी घुसवून. त्याने वायर काढली, चालकाच्या जागी बसला, इंजिन सुरू केलं, हीटर पूर्ण सोडला आणि हात मांडीखाली घेऊन बायकोची वाट बघत बसला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आते सोलिंगला बोळात पांढऱ्या धुराचा लोट दिसला. हातातलं आल्याचं पाणी तसंच ठेवून ती गॅरेजमध्ये आली.

"एफ्रेनच्या गाडीत कोण आहे?"

"एफ्रेन," डोमिंग म्हणाला. "दुसरं कोण असणार?"

"कुठल्या सीटवर?"

हा प्रश्न इतका विचित्र होता की गाण्याचं मशीनही कुणीतरी बंद केलं.

"आते, तो चालवत नाहीये," तेम्यो समजुतीने म्हणाला. "नुसता तापवतोय. रोवेना येतेय ना."

"तेम्यो, कायद्याला तापवणं कळत नाही. माणूस प्यालेला, चालकाच्या जागी बसलेला. एवढं दिसलं की कायदा धरून चालतो की तो गाडी चालवणारच होता. नव्हता, हे मग त्याने कोर्टात सिद्ध करायचं. माझ्यासमोर तीन माणसांनी हे सिद्ध करायचा प्रयत्न केलाय. एकाला जमलं."

"बरं, पकडलाच तर काय?" डोमिंग म्हणाला. "दंड भरेल. मी नाही का लाल दिव्याचा भरला? माझा मेव्हणा पिऊन सापडला, तर पोलिसांनी महिनाभर गाडी ठेवून घेतली आणि सोडून दिलं."

"तुझ्या मेव्हण्याचं नशीब. पहिल्या वेळी पोलीस कधी कधी तेवढ्यावर सोडतात, पण ते त्यांच्या मनावर असतं. लाल दिवा तोडणं, वेग वाढवणं, चुकीच्या जागी गाडी लावणं याचा दंड भरलास की विषय संपला. दारू पिऊन गाडी तसं नाही. बेफाम चालवणं तसं नाही. ठोकून पळून जाणं तसं नाही. हे गुन्हे आहेत, डोमिंग. दोन हजार अठराच्या डिसेंबरपासून यातल्या दारूच्या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा दहा वर्षं आहे."

"दहा वर्षं कुणाला देतात?"

"जवळजवळ कुणालाच नाही. तिथेच तर लोक फसतात." आते सोलिंगने कोपऱ्यातली एक पेटी ओढली आणि तिच्यावर बसली. "ऐका. एक पाववाला होता. नाव नाही सांगत. इथे तेरा वर्षं, कायम रहिवासी, मुलं इथलीच. असाच पकडला गेला. म्हणाला, वकील कशाला, कबूल करतो, दंड भरतो, सोमवारी कामावर जातो. मी शेजारी उभी होते. जज्जांनी दंडच केला. बाहेर येऊन त्याने मला कॉफी पाजली, इतका खूश. सात महिन्यांनी इमिग्रेशनचं पत्र आलं. तुम्ही गंभीर गुन्हा केलाय, तुम्हाला या देशातून का काढू नये ते सांगा. कारण इमिग्रेशनवाले तुम्हाला किती शिक्षा झाली ते बघत नाहीत. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त किती होऊ शकते ते बघतात. दहा वर्षांचा गुन्हा, म्हणजे गंभीर. मग तुम्ही दंड भरून सुटला असा की आणखी कसे."



"नागरिकाला असं काढता येत नाही. कायम रहिवाशाला येतं. या शब्दातलं 'कायम' आपण जरा जास्तच मनावर घेतो," आते म्हणाली. "आणि एफ्रेनला तर शिक्षा व्हायचीसुद्धा गरज नाही. नुसता आरोप लागला तरी तो निकाली निघेपर्यंत शपथ नाही. आता मला सांग, तेम्यो. किती झाले त्याचे?"

तेम्योच्या हातात बाटली होती. तो झाकण फिरवत राहिला.

"आते, ते विचारत नाहीत."

"मी विचारतेय."

गॅरेजमधले सगळे तेम्योकडे बघत होते. सोळा वर्षांत त्याने कुणाचा आकडा कुणाला सांगितला नव्हता.

"नऊ," तो म्हणाला. "बाकीच्यांचे सात. त्याचा एक बाळाचा जास्त, एक शपथेचा जास्त."

"नऊ?" डोमिंग म्हणाला. "मला वाटलं आपण चार-चारवर आहोत."

"तीस मिलीचा ग्लास," तेम्यो हळूहळू म्हणाला. वेल्डिंगच्या तारा मोजाव्यात तसा तो मोजत होता. "नऊ तिनं सत्तावीस. दोनशे सत्तर मिली. तीन तासांत."

"पाव लिटरच्या वर ब्रँडी," आते म्हणाली. "तासाला एक-दीड ग्लासपेक्षा जास्त शरीर जिरवत नाही. बाकीची सगळी आत्ता त्याच्या रक्तात आहे, आणि तो स्टिअरिंगमागे बसून बायकोची वाट बघतोय."

तेम्योने बाटली खाली ठेवली आणि घरातल्या चपलांवरच तो बोळात धावला.

उणे अठ्ठावीसमध्ये नाकातला ओलावा पहिल्या श्वासालाच गोठतो. तेम्योने काचेवर टकटक केली. एफ्रेनने काच दोन बोटं खाली घेतली.

"काय झालं? रोवेना आली?"

"खाली उतर."

"का?"

"उतर म्हणतोय ना. किल्ली दे."

"कुया, मी कुठे चाललोय का? हात बघ, मांडीखाली आहेत. आत ये, मस्त गरम झालंय."

"आते म्हणते नुसतं बसणंसुद्धा गुन्हा धरतात."

"आतेला सगळीकडे कोर्ट दिसतं." एफ्रेन हसला. त्याचा चेहरा लाल होता, बोलणं सरळ होतं. नऊ ग्लास त्याच्यावर दिसत नव्हते आणि त्यालाही जाणवत नव्हते. "मी प्यालो किती? चार. फार तर पाच."

तेम्योने काचेच्या कडेला हात धरला.  मित्राला तोंडावर "तू प्यालेला आहेस" म्हणणं या माणसांत शिवी देण्याइतकं जड असतं.

"नऊ," तो शेवटी म्हणाला.

"काय नऊ?"

"तुझे. मी ओतले, मी मोजले. नऊ."

एफ्रेनचं हसू हळूहळू मावळलं. हा माणूस आकड्यात चुकत नाही, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

"तूच पाजलेस की रे," तो म्हणाला.

"हो. म्हणून तर सांगायला मी आलोय. दुसऱ्या कुणाला माहीतच नाही." तेम्योने दार उघडलं. "शिव्या घरात जाऊन दे. आत्ता उतर."

एफ्रेनने इंजिन बंद केलं आणि तो उतरला. किल्ली त्याने तेम्योच्या तळहातावर ठेवली.   दोघे गॅरेजच्या दारापर्यंत पोचतात न पोचतात तोच बोळाच्या तोंडाशी पोलिसांची गाडी वळली.

शेजाऱ्याने फोन केला होता. त्याला बाहेर जायचं होतं आणि त्याच्या दारात एफ्रेनची गाडी होती. पोलीसबाई उंच होती, तरुण होती, आणि तिला घाई होती.

"ही गाडी कुणाची?"

"माझी," एफ्रेन म्हणाला.

"शेजाऱ्यांचा रस्ता अडलाय. चार-पाच मीटर पुढे घ्या."

आता बघा. पोलिसांनीच सांगितलंय गाडी हलवा. हलवायची किती, तर पाच मीटर. एफ्रेनचा हात सवयीने किल्लीसाठी पुढे आला. सभ्य माणूस, कुणाला ताटकळत ठेवणं त्याला जमत नाही. तेम्योने किल्ली मुठीत घट्ट धरली.

"ऑफिसर," तो म्हणाला, "याला हलवता येणार नाही. हा प्यालाय."

"मग तुम्ही हलवा."

"मीही प्यालोय. सात ग्लास."

पोलीसबाईने गॅरेजच्या दारात जमलेल्या गर्दीकडे बघितलं. "आत किती जण आहेत?"

"बारा."

"आणि त्यातला एकही नाही?"

तेम्योने मागे वळून पाहिलं. दारातले सगळे चेहरे जमिनीकडे बघत होते. डोमिंग हीटरमागे सरकला होता.

"एकही नाही, ऑफिसर," तेम्यो म्हणाला. आणि मग, कुणी विचारलं नसताना, "मीच ओतली. सगळ्यांना."

 पोलीसबाईने गाडीमागे अजून रेंगाळणाऱ्या धुराकडे बघितलं, रिकाम्या सीटकडे बघितलं, तेम्योच्या मुठीकडे बघितलं. 

"मला असं कुणी आजवर सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "लोक म्हणतात, एकच बिअर घेतली. बरं, पण गाडी हलायला हवी. टोईंगवाल्याला बोलावू?"

"थांबा," मागून आवाज आला.

तेम्योची बायको पर्लिता स्वयंपाकाच्या एप्रनवर कोट चढवत बाहेर येत होती. तिच्याकडे लायसन होतं. पण सहा हिवाळ्यांपूर्वी एकदा बर्फावर गाडी घसरली तेव्हापासून तिने थंडीत स्टिअरिंगला हात लावला नव्हता, आणि तेम्यो दर पार्टीत त्यावर विनोद करायचा.

"पर्ली, तू?" तेम्यो म्हणाला.

"मग काय, बाळाला पाठवू? तेवढीच एक शुद्धीवर आहे आणि मी." तिने त्याच्या हातातून किल्ली घेतली. "आल्याच्या पाण्यावर आहे मी दुपारपासून."

ती बसली. सीट पुढे घेतली. आरसा नीट केला. दुसरा आरसा नीट केला. पोलीसबाई हात चोळत उभी राहिली. मग गाडी गोगलगायीच्या चालीने पुढे सरकली, बर्फावर किंचित वळवळली, आणि गाडी अगदी कुंपणाला समांतर, सरळ रेषेत जाऊन थांबली. गॅरेजमधून टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजाऱ्यानेही हॉर्न वाजवून दाद दिली.

नेमकी त्याच वेळी रोवेना बसस्टॉपवरून चालत बोळात शिरली. तिने पाहिलं, पोलिसांची गाडी, नवरा टोपीशिवाय बर्फात, तेम्यो चपलांवर, आणि आपल्या गाडीतून एप्रन घातलेली पर्लिता राणीसारखी उतरतेय.

"पंधरा मिनिटं," ती म्हणाली. "फक्त पंधरा मिनिटं उशीर झाला मला. तेवढ्यात तुम्ही पोलीस बोलावलेत?"

पोलीसबाई हसली. "तुम्ही नेणार यांना घरी?"

"घरी की आणखी कुठे, ते आता बघते," रोवेना म्हणाली.

पोलिसांची गाडी गेली. एफ्रेन गॅरेजच्या दारात भिंतीला टेकून उभा राहिला. 

"दोन मिनिटं," तो आते सोलिंगला म्हणाला. "दोन मिनिटं आधी ती आली असती तर मी आत बसलेला होतो. इंजिन चालू. मी तर कुठेच चाललो नव्हतो, आते."

"माहीत आहे मला. कोर्टात येणाऱ्या बहुतेकांना कुठे जायचं नसतंच," आते म्हणाली. "कुणी तापवत असतो, कुणी झोपलेला असतो, कुणाला नुसतं गाणं ऐकायचं असतं. वाईट माणसं फार थोडी भेटतात मला तिथे. तुझ्यासारखी भेटतात. आणि पकडलं गेल्यावर तरी शहाणपण करावं, वकिलाला विचारल्याशिवाय काही कबूल करू नये, तर तेही घाईने करून मोकळी होतात."

रोवेनाला तोवर सगळं कळलं होतं. ती तेम्योसमोर जाऊन उभी राहिली. ती ओरडेल असं त्याला वाटलं. तिने आपल्या गळ्यातला मफलर काढून त्याच्या गोठलेल्या पायांवर टाकला.

"कुया," ती म्हणाली, "तो नऊला पोचेपर्यंत थांबलात. पुढच्या वेळी चौथ्याला सांगा."

एवढंच. पण तेम्यो त्या रात्रीपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात वेल्डिंग करतानाही, तेच वाक्य मनात घोळवत होता. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आकडा न सांगणं ही मित्राची अब्रू राखणं आहे. मित्राची अब्रू, नोकरी, घर, बायकामुलांचा देश, सगळंच त्या न सांगितलेल्या आकड्यावर टांगलेलं असतं, हे त्याला उणे अठ्ठावीसमध्ये चपलांवर उभं राहून कळलं.

अकरा दिवसांनी गुरुवारी सकाळी दहा वाजता एफ्रेनने राखाडी सुटात उजवा हात वर केला. सभागृहात तेवीस देशांची माणसं होती. शपथ घेताना त्याचा आवाज एकदा चिरकला, रोवेनाने डोळे पुसले, आणि डोमिंगने इतक्या जोरात शिट्टी मारली की अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून बघितलं.

शनिवारी दुपारी तेम्योच्या गॅरेजमध्ये मोठी पार्टी झाली. अख्खं डुक्कर भाजून आणलं होतं. पण बाटली उघडण्याआधी तेम्यो खुर्चीवर उभा राहिला.

"आजपासून दोन नियम," तो म्हणाला. "पहिला. मी ओतताना आकडा मोठ्याने सांगणार. एफ्रेन, एक. डोमिंग, एक. कुणाला लाज वाटत असेल तर त्याने पिऊ नये. चारनंतर माझा हात थांबणार, मग माझ्यावर रुसा नाहीतर माझ्या नावाने बोंब मारा."

"चार?" कुणीतरी कळवळून म्हणालं.

"दुसरा. जो गाडी नेणार तो पिणार नाही आणि चालकाच्या सीटवर त्याच्याशिवाय कुणी बसणार नाही. तापवायलासुद्धा नाही. सगळ्या किल्ल्या आत पर्लिताकडे."

"आणि न पिणाऱ्याने काय करायचं इथे? तुमची तोंडं बघायची?" डोमिंगने विचारलं.

तेम्यो याच प्रश्नाची वाट बघत होता. त्याने सुरी उचलली, भाजलेल्या डुकराच्या पाठीवरची तांबूस, कुरकुरीत कातडी तळहाताएवढी कापली आणि बशीत ठेवली. फिलिपिनो पार्टीत या कातडीवरून सख्खे भाऊ भांडतात.

"जो गाडी नेणार," तो म्हणाला, "त्याला ही पहिली. कुणीही हात लावायच्या आधी."

 तीन माणसं एकदम पुढे आली.

"मी नेतो."

"तुझी बायको आहे की न्यायला. मी नेतो."

"मी बाराही जणांना नेतो, दोन फेऱ्या मारतो," डोमिंग म्हणाला.

"तुझ्याकडे गाडीच नाही!"

"रोवेनाची नेतो. लायसन आहे माझ्याकडे, खिशात आहे, बघायचंय?"

रोवेनाने लायसन उलटून पालटून, तारीख बघून, परत दिलं आणि किल्लीसाठी पर्लिताकडे बोट दाखवलं. त्या दिवशी डोमिंग संध्याकाळपर्यंत आल्याच्या पाण्यावर राहिला. इतका वेळ शुद्धीत राहून आपले मित्र किती बेसूर गातात हे त्याला पहिल्यांदाच कळलं, आणि ते त्याने प्रत्येकाला घरी सोडताना सविस्तर सांगितलं.

मित्रांनो, आपण कुठल्याही देशात असू, पाहुणे असू, रहिवासी असू की नागरिक. आग्रह करणं वाईट नाही. पण आग्रह करणाऱ्याच्या अंगावर एक जबाबदारीही येते. किती झालं हे पिणाऱ्याला कळत नाही, ओतणाऱ्याला कळतं. ते त्याने वेळेवर आणि मोठ्याने बोललं पाहिजे. मित्र रुसेल, चार दिवस बोलणार नाही. रुसू द्या. तो रुसलेला का होईना, आपल्याच गावात असेल, पुढच्या शनिवारी आपल्याच गॅरेजमध्ये येईल, आणि कातडीवरून आपल्याशीच भांडेल.